लांडग्याचा चावा सात

अन्याय सुमनवर झाला. साल दोन हजार एक, दिवाळीच्या सुट्टीतला गुरुवार, दुपारचे पावणेचार. वेळ इतकी पक्की सांगते कारण आळेफाट्याकडून येणारी एसटी तेव्हाच आमच्या खळ्यामागच्या वळणावर हॉर्न द्यायची, आणि तो हॉर्न वाजत असतानाच फासे थांबले. दोन्हींवर सहा. बारा. सुमनच्या हौसाकडे दहाच जीव उरले होते. हौसा मेली. सुमनने परकराला चिकटलेलं बाजरीचं भूस झटकलं आणि रिंगणातून उठली.

हौसा म्हणजे कुणी माणूस नव्हती, हे लगेच सांगून टाकते. मला पत्रकं लिहायची सवय. मी 'मेली' म्हटलं की लोक पंचनामा मागतात. हौसा एका खेळातली बाई होती. पण सुमन खरी होती, नववीत माझ्याच बाकावर बसायची, आणि तिच्याकडे चारच दिवस उरले होते हेही खरं होतं. तिच्या वडिलांची मेंढरं आमच्या चुलत्यांच्या पडीक रानात खतासाठी बसवलेली होती. सोमवारी तळ उठणार, माळशेज उतरून कोकणात जाणार, आणि या खेपेला सुमनही बरोबर जाणार होती. पुढची भेट थेट उन्हाळा सरताना. त्या चार दिवसांत तिला आमच्या रिंगणात जागा असणार की नाही, एवढाच प्रश्न होता. मला तो तेव्हा जगातला सर्वांत मोठा प्रश्न वाटला. आजही फार लहान वाटत नाही.

परवा आळेफाट्यावर उभी होते. पिशवीत पत्रकं, हाताला शाई. ट्रकांची रांग अचानक थांबली, कारण मेंढरं रस्ता ओलांडत होती. कार्तिकातलं ते कोवळं ऊन, लोकरीचा ओला उबट वास, गॅरेजमधल्या पोराची शीळ, आणि पाठीवर बिऱ्हाड लादलेली घोडी. मेंढरं मधे दाट होती, कडेला विरळ. त्या विरळ कडेकडे नजर गेली आणि ते सगळे दिवस पुन्हा अंगावर आले. दरवर्षी याच सुमाराला येतात. फराळाच्या डब्यात तळाशी चकलीचे मऊ पडलेले तुकडे राहिले की मला फाशांचा आवाज ऐकू येतो.

खेळ सतीशदादाने आणला. सतीशदादा माझा आतेभाऊ, पुण्यात इंजिनिअरिंगला, होस्टेलवर राहणारा. त्याच्याकडे इंग्रजी झेरॉक्सचा एक गठ्ठा होता, झेरॉक्सची झेरॉक्स, इतकी काळवंडलेली की निम्मी अक्षरं डागच वाटावीत. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी तिच्यातलं एकेक माणूस व्हायचं. 'समोर दरी आहे, काय करता?' असं तो विचारणार, आपण काय करतो ते सांगायचं, आणि जमलं की नाही ते फासा ठरवणार. प्रत्येकाच्या कागदावर 'जीव' लिहिलेले. मार बसला की फासे टाकायचे, जेवढे पडतील तेवढे जीव वजा.

मूळ खेळात आग ओकणारे प्राणी होते. आमच्या खळ्यावर ते काही रुजेनात. शेजारचा बाळू, आमच्याच वर्गातला, पहिल्याच दिवशी म्हणाला, "दादा, ह्यो खातो काय? शेळ्याच ना? मग बिबट्या घे की राव, उगा लांबनं कशाला आणतो?" बिबट्या नको, म्हणून सुमनने लांडगे सुचवले. लांडग्याचं तिला कळत होतं. नियम ठरला तो असा: लांडग्यांना अडवायला जो पुढे उभा राहील त्याला दर फेरीला एक चावा, आणि चाव्याला दोन फासे. कमीत कमी दोन, जास्तीत जास्त बारा. सुमनने कागदावर नाव लिहिलं हौसा, आणि खाली लिहिलं राखणदार. जीव तीस.

आता आमच्या चुकीबद्दल. ही चूक पुण्याच्या पोरांच्या हातून झाली नसती. ते फासे टाकत असतील, शिव्या देत असतील, हसत असतील. आम्ही फासे कपाळाला लावून टाकायचो. टाकताना कुणी बोलायचं नाही. चपला खळ्याबाहेर. यातलं काहीही झेरॉक्समध्ये नव्हतं, आणि हे कुणी ठरवल्याचंही मला आठवत नाही. बिरोबाच्या देवळात कौल लावताना जे पाहिलं होतं, देवाला चिकटवलेली उजवी कळी पडली तर होय आणि डावी पडली तर नाही, तेच हात आपोआप करू लागले. फासा म्हणजे आमच्यासाठी कौलच झाला. त्यामुळे बारा पडले तेव्हा सतीशदादा स्वतःच 'जाऊ दे, परत टाक' म्हणायला तोंड उघडत होता, आणि बाळूने त्याला अडवलं.

"कौल फिरवत न्हाईत, दादा."

आणि कुणी काही बोललं नाही. मीसुद्धा नाही. याची मला अजून लाज वाटते. सुमन उठून गेली ते चौघांपैकी आम्ही तिघे बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी मी तिला शोधत रानात गेले. ती बांधावर बसून कोकराच्या खुरातला काटा काढत होती. मी म्हटलं, "रागावलीस?"

"कुणावं रागवू? फाशावं?" ती म्हणाली. "पर येक सांग. लांडगा कदी दोन चावतो, कदी बारा. आसं आस्तं व्हय?"

तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. ती सगळी माझ्या आवाजात होती, ती माझ्याकडे पहिल्यापासूनच आहे. मी खिशातून फासे काढले. सतीशदादाच्या पिशवीतून न विचारता आणले होते. मग आम्ही दोघी खळ्याच्या कोपऱ्यात बसलो आणि टाकत सुटलो. एकेका बेरजेसाठी एकेक ओळ, आणि दर वेळी त्या ओळीत एक भुईमुगाचं टरफल. चपला पायातच. कपाळाला काही लावलं नाही. टाकताना दोघी बडबडत होतो. पहिली दहा-वीस टाकणी मला देवळात जोराने हसल्यासारखं वाटत होतं. नंतर ते गेलं. राहिला तो नुसता हाडकांसारखा खडखडाट आणि वाढत जाणाऱ्या टरफलांच्या ओळी. ऊन कडब्याच्या गंजीवरून खाली सरकलं. दोनची ओळ तोकडी, बाराची तोकडी. साताची ओळ सर्वांत लांब, थेट खळ्याच्या मधल्या खांबापर्यंत, मेढीपर्यंत गेलेली.

सुमन उभी राहून वरून बघत होती. "ही तर मेंढरं हायेत," ती म्हणाली.

"कसली मेंढरं?"

"माळाव चरत्यात तशी. मदी दाट, कडंला पातळ." मग बाराच्या ओळीतलं एक टरफल उचलून म्हणाली, "आन लांडगा कडंचंच उचलतो."

मी पुढे कॉलेजात सरासरी शिकले, आलेख काढले, त्यावर गुण मिळवले. पण त्या वाक्याच्या पलीकडे मला कुणी काही शिकवलेलं नाही.

त्या संध्याकाळी मी आयुष्यातलं पहिलं पत्रक लिहिलं. ग्रामपंचायतीतल्या काकांकडून कार्बन मागून आणला, एका दाबात चार प्रती. मथळा: 'फासा हटवा!!!' उद्गारचिन्हं तीन. (आता मी एकच वापरते, तेही नाइलाज झाला तर.) खाली मागण्या: लांडग्याचा चावा यापुढे सात धरावा. गुरुवारचा चावाही सातच धरावा. दहातून सात गेले, तीन उरले, सबब हौसा जिवंत आहे. सुमनला तिची जागा परत मिळावी. एक प्रत सतीशदादाला, एक बाळूला, एक सुमनला, एक गंजीला खोचली, जनतेसाठी. जनतेच्या प्रतीतली निम्मी शेळीने खाल्ली.

शनिवारी दुपारी खळ्यावर सभा झाली.

सतीशदादा म्हणाला, "अगं, पण मजा त्यातच आहे ना. पुढे काय होईल ते कळत नाही, म्हणून तर लोक खेळतात."

"कुठले लोक? ज्यांचं काही जात नाही ते?"

"झालं हिचं भाषण सुरू," बाळू म्हणाला. त्याने आपला कागद पुढे केला. "माजं पाच ऱ्हायलेत. फाशात दोन पडतील, तीन पडतील, चार पडतील, मी वाचंल. तुज्या सातात मी मेलोच की! सुमीला जितं करती आन मला मारती व्हय?"

पत्रकात त्याची सोय नव्हती. दोन फाशांत चार किंवा कमी पडायची संधी सहात एकदाच, हे आम्ही टरफलांवर पाहिलं होतं. पण सहात एकदा म्हणजे काहीच नाही असं नाही. ज्याच्याकडे पाच जीव आहेत त्याच्यासाठी ती एक फट असते, आणि मी ती फट लिंपून टाकायला निघाले होते. न्यायाच्या नावाखाली. तेवढ्यात खळ्याच्या कडेला धोंडिबामामा येऊन उभे राहिले, सुमनचे वडील. हातात लोकर, उभ्या उभ्या सूत कातणं चाललेलं; मी त्यांचे हात रिकामे कधी पाहिलेच नाहीत.

"काय पावणं," ते सतीशदादाला म्हणाले, "कशाचं भांडाण हाय?"

बाळूने सांगितलं: ही पोरगी कौल फिरवायला निघालीय. मामांनी सगळं ऐकून घेतलं. दोन्ही फासे हातात घेऊन उलटेसुलटे पाहिले, एकावर फुंकर मारली. मला वाटलं, हे आता रागावणार. गावात कौल लावायला लोक त्यांनाच बोलवत.

"कौल कशाचा लावत्यात रं बाळ्या? जे मानसाला ठावं न्हाई त्याचा. पाऊस कुटं हाय, हरवल्यालं कोकरू जितं हाय का न्हाई, त्याचा. लांडगा किती चावतो ते देवाला काय इचारता? मला इचारा की."

"किती चावतो?" आम्ही चौघेही एकदमच म्हणालो.

"जेवडं दात त्येवडं. भुकेला लांडगा आसू दे न्हाईतर धायलेला, दात त्येवडंच आस्त्यात." त्यांनी फासे सतीशदादाच्या तळहातावर ठेवले. "दोर तुटंल का, गुहेत पानी आसंल का, ते ह्यांना इचारा. चावा मातूर ठरल्याला हाय."

सतीशदादा हसत सुटला. "ठीक आहे मामा. सात."

"आन माजं पाच?" बाळू अजून अडलेला.

"मंग तू म्होरं हुबा राहू नगंस," मामा म्हणाले आणि सूत कातत चालू लागले.

यावर मी पुढे कितीतरी वर्षं विचार करत राहिले, अजून करते. कारण मोठी होताना मला सरासरीचं दुसरं तोंड दिसलं, आणि ते गोड नव्हतं. शेजारच्या आंबेगाव तालुक्यात आहुप्याला पाऊस डोंगर खरवडून काढतो, आणि त्याच तालुक्याच्या पूर्वेकडच्या टोकाला बाजरी पोटरीत येऊन जागच्या जागी वाळते. दोन्हींची बेरीज करून भागाकार केला की कागदावर छान, पुरेसा, कुठेही न पडलेला पाऊस येतो. मी त्या कागदाविरुद्ध पत्रकं काढलीत. शिनोलीच्या एका आजोबांनी मला विचारलं होतं, "ताई, हा सरासरी पाऊस कुठल्या गावात पडतो? आमी तिकडं ऱ्हायला जातो." मग ज्या सरासरीसाठी मी नववीत भांडले ती न्यायाची, आणि ज्या सरासरीविरुद्ध आज भांडते ती अन्यायाची, हे कसं? एकाच आकड्याचे हे दोन स्वभाव कुठून येतात? मला हे कोडं खरंच सुटत नव्हतं. सभेत बोलताना मधेच आठवायचं आणि वाक्य अडखळायचं.

मग लोडशेडिंगची वर्षं आली. वीज केव्हा जाईल त्याला धरबंद नव्हता. पाण्याने अर्धा वाफा भिजलेला, अर्धा कोरडा, आणि मोटर बंद. गिरणीच्या ओट्यावर डबे घेऊन बायका तासन्‌तास बसलेल्या. आम्ही वीज कचेरीसमोर धरणं धरून बसलो तेव्हा आतले साहेब बाहेर आले आणि शांतपणे म्हणाले, सरासरी काढलीत तर सगळ्यांना सारखीच मिळते हो. माझ्या शेजारी बसलेल्या, गिरणीतून उठून आलेल्या एक काकू म्हणाल्या, "सारकी नको बाबा. कमी दे. पर जानार कवा ते सांग." त्यांच्या पदरावर पीठ होतं. मला तिथेच, घोषणांच्या मधोमध, धोंडिबामामांचे हलणारे हात दिसले. पुढे कचेरीच्या दारावर वेळापत्रक लागलं. वीज एका मिनिटानेही वाढली नाही. पण ओट्यावरची रांग गेली. बायका वेळेवर येऊ लागल्या, दळून जाऊ लागल्या.

म्हणजे गोम सातात नव्हती. मामांनी सात हा आकडा सांगितलाच नव्हता, चावा ठरलेला आहे एवढंच ते म्हणाले होते. तो आठ असता तरी चाललं असतं. चावा बसायच्या आधी तो आम्हाला सांगितला होता, ही गोम. पावसाची सरासरी पीक वाळून गेल्यावर सांगतात.

रविवारी आम्ही शेवटचे खेळायला बसलो. हौसा जिवंत, तीन जीव घेऊन परत आलेली. गोष्टीत मुक्काम झाला तेव्हा विश्रांती मिळून पुन्हा तीस. सतीशदादाने आम्हाला एका साकवाशी आणून उभं केलं. अरुंद साकव, एका फेरीला एकच माणूस पलीकडे जाणार. आम्ही पाच जण: बाळू, मी, गोष्टीतली एक म्हातारी आणि तिची दोन नातवंडं. मागून लांडगे. सहावी हौसा.

"कोण अडवणार?" सतीशदादाने विचारलं.

सुमन जमिनीवर टरफलं मांडत होती. सात, सात, सात, सात. मग दोन सुटी ठेवली आणि त्यांच्याकडे बघत बसली. मी तिला वर्गात गणितं करताना कित्येकदा पाहिलं होतं, पण असं नाही. गणित करताना तिच्या कपाळावर आठी असायची. आता नव्हती.

"मी," ती म्हणाली. "चार चावं सोसते. आट्ठाईस. पाचव्याला पडते. पर पाचवी फेरी व्हईस्तवर पाची जन पल्याड."

"चौथ्यानंतर पळ ना मग," सतीशदादा म्हणाला. तोही आता गोष्ट सांगणारा राहिला नव्हता, पुढे सरकून बसला होता. "दोन जीव उरतात तुझे. वाचशील."

"मंग शेवटाला कोण ऱ्हातंय?"

शेवटी राहत होता बाळू. म्हातारी आधी, पोरं नंतर, मग मी, मग तो, असं त्यानेच मोठेपणाने ठरवलं होतं. त्याच्या कागदावर जीव पाच. मुक्कामात पाणी आणायला गेला म्हणून त्याची विश्रांती हुकली होती. मोठेपणा करताना ते तो विसरला होता. आता त्याला आठवलं. मी त्याच्याकडे पाहिलं. तो कागदाची कड दुमडत होता, उलगडत होता.

फासे कुणी उचलले नाहीत. सतीशदादा फक्त म्हणाला, "पहिली फेरी," आणि सुमनने सात टरफलं बाजूला केली. म्हातारी पलीकडे. सात. धाकटं पोर पलीकडे. रानातून मेंढरांच्या रवंथ करण्याचा आवाज येत होता, इतकं शांत. सात. सात. मी पलीकडे गेले आणि मागे वळून पाहिलं. पाहण्यासारखं काही नव्हतं, खळं होतं आणि दोन टरफलं होती. त्या दोन टरफलांसमोर सुमन मांडी घालून बसली होती, आणि मी तिला यापूर्वी किंवा यानंतर इतकी ताठ बसलेली पाहिली नाही.

"बाळ्या, चाल," ती म्हणाली.

"सुमे, नगं."

"चाल म्हंते ना. मोजल्यालं हाय मी."

बाळू पलीकडे आला. सुमनने ती दोन टरफलं स्वतःच्या हाताने बाजूला सारली. मग उठली, परकराला लागलेलं भूस झटकलं, अगदी गुरुवारसारखं. हसली. "मरान लई ब्येस झालं, राव," म्हणाली. बाळूने डब्यातली शेवटची धड चकली तिच्या हातात दिली आणि आम्हाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू काहीतरी म्हणाला.

बाळूच्या प्रश्नाला उत्तर माझ्या पत्रकात नव्हतं. ते तिने असं दिलं. मी इतकंच जोडते. चावा दोनचा की बाराचा हे माहीत नसतं तर ती साकवाशी उभी राहिली असती, एवढी ती धीट होती. पण 'तू पलीकडे पोचशील' असा शब्द तिला बाळूला देता आला नसता. गुरुवारी हौसा मारली गेली. रविवारी तिने मरण स्वतः मोजून घेतलं. कागदावर दोन्ही वेळा शून्यच लिहिलं गेलं. तरी ही दोन शून्यं एक नाहीत, आणि त्यांच्यात नेमकं काय वेगळं आहे ते शोधत मी अजून पत्रकं वाटत फिरते.

सोमवारी सकाळी रान मोकळं होतं. लेंड्यांचा थर, विझलेली चूल, चुलीच्या एका दगडावर रांगेने मांडलेली सात टरफलं.

परवा आळेफाट्यावर मी त्या कळपामागच्या बायकांचे चेहरे बघत राहिले. सुमन दिसली नाही. ट्रक सुटले. माझ्या हातातली पत्रकं एका चहावाल्याने मागितली आणि विचारलं, "ताई, मागणी काय हाय?" मी लांबलचक सांगायला लागले आणि थांबले. मागणी खरं तर एकच आहे, आणि ती मी आता तुमच्याकडे करते, कारण तुमच्या हातातही काहीतरी असणारच: पाण्याचा कॉक, शाळेची घंटा, बदलीचा कागद, नाहीतर घरातल्या धाकट्यांवर चालणारा नुसता तुमचा शब्द. त्याचा घाव कुणावर तरी पडणार आहे. तो पडू नये अशी मागणी आज मी करत नाही, ती दुसऱ्या पत्रकात आहे. आज एवढंच: उद्या सकाळी खडू घ्या, दारावर, फळ्यावर, जिथे त्या माणसाला वाचता येईल तिथे तो आकडा लिहा, आणि घाव पडायच्या आधी लिहा. त्याला टरफलं मांडायला वेळ द्या. पुढे कुणी उभं राहायचं ते त्याचं तो ठरवेल.